माझा कम्प्युटर सातवी पास, कंपनीला आठवी पाहिजे

मंडळी, पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. पण घरात, दुकानात, शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत जुना डेस्कटॉप असेल तर शेवटपर्यंत वाचा. प्रश्न खिशाचा आहे, पण फक्त खिशाचा नाही.

पूर्णेत माझं छोटंसं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, दाखले, पीकविमा, लग्नपत्रिका, अंगठा लावून पैसे काढून देणं, सगळं एका गाळ्यात. दिवाळीपासून काउंटरवर एक प्रश्न रोज येतोय. "दादा, कम्प्युटर आत्ता घ्यावा का थांबावं?" विचारणारे सगळ्या तऱ्हेचे. पोरगी बारावी सायन्सला असलेले मास्तर, खत-बियाणांचे दुकानदार, क्लासवाले, खेड्यातले संगणक परिचालक. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचो, कारण खरं उत्तर मलाच माहीत नव्हतं. माझ्याच टेबलावर तोच प्रश्न बसलेला होता.

माझा काउंटरवरचा डेस्कटॉप ऑगस्ट २०१७ चा. आय-फाइव्ह, सातवी जनरेशन. मध्ये एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, आठ जीबी रॅम केली. तेव्हापासून एक दिवस आजारी नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला गेल्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत दुकानासमोर रांग होती, तेव्हाही हा गडी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत पळत होता. अडकायची ती साइट. मशीन कधी अडकलं नाही.

आणि हा धडधाकट गडी १४ ऑक्टोबर २०२५ ला सरकारी भाषेत 'सेवानिवृत्त' झाला. त्या दिवशी विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं काढून घेतला. म्हणजे मशीन चालू राहतं, पण त्यात नवं भोक सापडलं तर बुजवायला कोणी येणार नाही. पुढची विंडोज ११ टाका म्हणावं, तर तिला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढची लागते. आमचा सातवी पास. एका इयत्तेनं नापास!

आता सल्ले देणारे दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, आत्ताच घ्या, उद्या महाग होईल. यात अर्धं खरं आहे. मी दिवाळीआधी एका दुकानातून कोटेशन आणलं होतं, ३८ हजार. तेच मशीन, तोच मॉनिटर, जानेवारीत ४७ हजार. दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही, कारण रॅम खरंच महागली. रॅमच्या चिप बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या तीनच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयसाठी जी प्रचंड डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना लागणारी मेमरी बनवण्यात यांना जास्त पैसा आहे. म्हणून कारखाने तिकडं वळले आणि तुमच्या-माझ्या रॅमचा तुटवडा पडला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं 'क्रुशल' नावानं साध्या गिऱ्हाइकाला रॅम आणि एसएसडी विकायचा आपला धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे अमेरिकेत कोणी एआयला कविता लिहायला सांगतंय, आणि त्याची किंमत पूर्णेतला झेरॉक्सवाला भरतोय.

दुसरा पक्ष म्हणतो, थांबा, भाव उतरतील. कधी उतरतील? चिपचा नवा कारखाना म्हणजे काही गुऱ्हाळ नव्हे, हंगामात उभं केलं. त्याला वर्षं लागतात. आणि यांचा दुसरा मुद्दा तर साफ खोटा आहे. "जीएसटी कमी झालाय, दुकानदार फायदा देत नाहीत" म्हणे. अहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. डेस्कटॉप आणि लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांतच होते, आजही तिथंच आहेत. जे उतरलंच नाही त्याचा फायदा कोण देणार?

दोन्ही पक्षांची एक चूक सारखी आहे. दोघंही फक्त भाव बघतायत. मीही तेच करत होतो.

जरा त्या आठवीच्या अटीबद्दल बोलू. कंपनी म्हणते, सुरक्षेसाठी टीपीएम २.० नावाची चिप लागते, जुन्या प्रोसेसरला नवी सुरक्षा पेलत नाही. ठीक, सुरक्षा हवीच. पण सातव्या जनरेशनच्या कितीतरी मशीनमध्ये टीपीएम २.० आहे, माझ्यातही आहे. नुसतं बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. तरीही नापास. बरं, नियम सगळ्यांना सारखा आहे का? मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एक महागडा डेस्कटॉप आहे, सरफेस स्टुडिओ २. तो २०१८ मध्ये साडेतीन हजार डॉलरपासून विकला. त्यात प्रोसेसर कोणता? इंटेल आय-सेव्हन ७८२०एचक्यू. सातवी जनरेशन! २०२१ मध्ये हा प्रोसेसर खास अपवाद म्हणून यादीत घेतला गेला. म्हणजे साहेबाच्या घरचं पोरगं सातवीवर पास, आणि आमचं पोरगं सातवीवर नापास. ही जर सुरक्षा असेल तर मग वशिला कशाला म्हणायचं?

माझे बाबा रेल्वेत होते. लोको शेडमध्ये उभी हयात गेली. पूर्णेच्या जुन्या माणसांना मीटर गेज आठवत असेल. इकडून अकोल्याला जाणारी गाडी, ते छोटे डबे. मग ब्रॉड गेज आली, रुळातलं अंतर बदललं, आणि चांगली चालती इंजिनं एका रात्रीत निरुपयोगी झाली. मी हा विंडोजचा प्रकार बाबांना सांगितला तर ते म्हणाले, "गेज बदललं म्हण की." मग थोडं थांबून म्हणाले, "पण आम्हाला कोणी म्हणलं नाही, की नवं इंजिन तुमच्या पगारातून आणा."

मंडळी, पोस्टचा अर्धा मुद्दा या एका वाक्यात आहे. रूळ बदलायचा निर्णय वर होतो. कधी कंपनी घेते, कधी सरकार घेतं. बोटाच्या ठशाचं जुनं एल-झिरो मशीन बाद, एल-वन घ्या. घेतलं. साइट फक्त अमक्या ब्राउझरवर चालेल. टाकला. डिजिटल सहीचा डोंगल बदला. बदलला. आता अख्खा कम्प्युटर बदला. दाखल्याचा दर मात्र मी ठरवत नाही, सरकार ठरवतं. एका अर्जामागं माझ्या हातात निव्वळ तीस रुपये राहतात असं धरा. ४७ हजारांसाठी दीड हजारावर अर्ज भरावे लागतील, आणि गाळ्याचं भाडं, लाइट बिल, कागद यातलं काहीच त्यात धरलेलं नाही.

एवढं सगळं पटल्यावर मी ठरवलं होतं, की नाही घेत जा! चालतंय ना? चालवू. आपल्याकडं चालतं ते चालवायचं हा जुना नियम आहे.

मग एक आज्जी आल्या. बँकेचं केवायसी करायचं होतं. मी आधार स्कॅन केलं, पासबुक स्कॅन केलं, अपलोड केलं, प्रिंट दिली. पिशवीत कागद घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "बाळा, माझं आधार तुझ्या त्या डब्यात ऱ्हातंय का?"

मी म्हणलं, "नाही आज्जी, गेलं ते साइटवर."

आज्जी गेल्या आणि मी डाउनलोडचं फोल्डर उघडलं. चार हजारांवर फायली होत्या. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, जातीचे दाखले, पोरींचे फोटो, सही केलेले कोरे कागद. अर्धी पूर्णा माझ्या त्या डब्यात होती! आणि त्या डब्याला ऑक्टोबरपासून कडी नव्हती. म्हाताऱ्या बाईशी मी खोटं बोललो होतो, तेही मला कळायच्या आत.

आता कोणी म्हणेल, परभणी जिल्ह्यातल्या एका गाळ्यातला कम्प्युटर कोण कशाला फोडेल? माझं हे मशीन ज्या वर्षी घेतलं त्याच वर्षीची गोष्ट सांगतो. मार्च २०१७ मध्ये विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ कंपनीनं दिलं. ज्यांनी लावलं नाही, त्यांच्यावर १२ मेपासून 'वॉनाक्राय' पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत रुग्णांना परत पाठवावं लागलं. आपल्याकडं आंध्र प्रदेश पोलिसांचे कम्प्युटर अडकले. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. हे व्हायरस गाव बघून येत नाहीत. उघडं दार दिसलं की शिरतात. आणि मे २०१७ ला निदान ठिगळ उपलब्ध तरी होतं, लावायचं राहिलं होतं. विंडोज १० वाल्याला आता ते मिळणंच थांबलंय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कम्प्युटर आत्ता घ्यायचा का थांबायचं, हे भावावरून ठरवू नका. त्या मशीनवर कोणाचं काय ठेवलेलं आहे, यावरून ठरवा. स्वतःचंच असेल तर खुशाल थांबा. दुसऱ्याचं असेल तर थांबायचा हक्क तुम्हाला नाही, मलाही नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगतो.

एक, घरातला पोरांच्या अभ्यासाचा डेस्कटॉप. मास्तर, तुम्ही थांबा. घाईनं ४७ हजार घालू नका. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. तिचे भावही चढलेत, पण नव्या मशीनपेक्षा खूप कमी. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची सोय आहे. तेवढ्या वेळात पोरीची बारावी होते. ती इंजिनिअरिंगला जाते का मेडिकलला हे कळल्यावर मशीन घ्या. आणि 'एआय पीसी' असं लिहिलंय म्हणून दहा हजार जास्त देऊ नका. तुमचं काम काय आहे ते आधी विचारा.

दोन, फक्त डीटीपीचं मशीन. माझ्याकडं दुसरा जुना डबा आहे, त्यावर श्री-लिपी आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिका. जुने फॉन्ट, जुना डोंगल, हे नव्या मशीनवर नेणं म्हणजे डोक्याला ताप. त्याची इंटरनेटची वायर मी उपटून टाकली. नेट नाही म्हणजे बाहेरचं दार बंद. पेनड्राइव्ह तेवढा तपासून लावायचा. हा डबा मरेपर्यंत चालेल.

तीन, ज्याच्यावर दुसऱ्याचं आधार, अंगठा, पैसा आहे ते मशीन. इथं तडजोड नाही. धंद्याच्या कम्प्युटरसाठी कंपनीची वाढीव मुदत वेगळी आहे. पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. म्हणजे ठिगळं लावायलाच जवळपास नव्या मशीनचे पैसे. एखादं वर्ष काढायला ठीक आहे, त्यापुढं वेडेपणा.

"पाचशे रुपयात विंडोज ११ टाकून देतो" म्हणणारी पोरं गावोगाव आहेत. चोरवाटेनं ती बसते हे खरं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. आणि त्यासोबत जो क्रॅक घालतात, त्याच्या पोटात काय आहे हे त्या पोरालाही माहीत नसतं. कडी नाही म्हणून चोराकडूनच कुलूप बसवून घेण्यासारखं आहे ते. मीही वर्षानुवर्षं क्रॅक वापरलाय, कबूल करतो. आपल्यातल्या बहुतेकांनी वापरलाय. पण निदान काउंटरवरच्या मशीनवर आता नको.

"लिनक्स टाक ना" म्हणणारे मित्रही बरोबर आहेत, पण अर्धेच. घरच्या मशीनला, शाळेला लिनक्स उत्तम. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं. माझ्या काउंटरवर अडतं ते बोटाच्या ठशाच्या मशीनशी आणि सहीच्या डोंगलशी. त्यांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज धरूनच बनवलेलं असतं. हा दोष लिनक्सचा नाही. ज्यांनी ही साधनं सक्तीची केली, त्यांनी ती कुठंही चालावीत अशी अट घातली नाही, त्यांचा आहे.

आणि इथून माझं भांडण सरकारशी सुरू होतं.

भारत सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे. सी-डॅकनं 'बॉस' नावाची लिनक्स बनवली, आणि त्या सी-डॅकचं मुख्यालय कुठं आहे? पुण्यात. केरळच्या सरकारी शाळा दीड दशकाहून जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअरवर चालतायत, तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं शाळांसाठी स्वतःची लिनक्स करून दिली. तिथल्या मास्तरला १४ ऑक्टोबरची भीती नव्हती. आपण मात्र 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत मिशीवर ताव द्यायचा आणि शाळेतला कम्प्युटर कपड्यानं झाकून ठेवायचा.

ग्रामपंचायतींचं तर बोलूच नका. २०११ मध्ये 'संग्राम' प्रकल्प आला, खेड्यात कम्प्युटर आले, परिचालक आले. पुढं 'आपले सरकार सेवा केंद्र' झालं. पाटी बदलली. त्या परिचालकाचं मानधन किती आणि ते मिळवायला त्याला किती वेळा आझाद मैदानावर बसावं लागलं, हे त्यालाच विचारा. आता त्याच्या टेबलावरच्या डब्याला कडी कोण बसवणार? गावाचा जन्म-मृत्यू, घरपट्टी, सगळं त्याच डब्यातून जातंय.

माझ्या मागण्या फुकटच्या नाहीत. कम्प्युटर वाटा असंही मी म्हणत नाही. वाटलेल्या कम्प्युटरचं काय होतं ते आपण पाहिलंय.

पहिली मागणी. सरकारी कामासाठी लागणारी प्रत्येक साइट, ठशाचं मशीन, सहीचा डोंगल हे सगळं लिनक्सवरही चालेल, अशी अट निविदेतच घाला. ती घातली की माझ्यासारख्या हजारो जणांची जुनी मशीन उद्यापासून सुरक्षित चालतील.

दुसरी. काम सक्तीनं ऑनलाइन करता, तर साधनाची किमान पात्रता काय आणि ती किती वर्षं टिकेल हे आधी जाहीर करा. दर ठरवताना मशीनची झीज धरा. रिक्षाचं भाडं ठरवताना गाडीची किंमत धरतात, मग आमच्या दरात का नको?

तिसरी. सरकारी कार्यालयांत याच वेळी ढिगानं मशीन बाद होतील. ती भंगारात जायच्या आधी लिनक्स टाकून शाळा-वाचनालयांना द्या. जी खरंच मेलीत ती ई-कचऱ्याच्या नियमानं नोंदणीकृत पुनर्चक्रवाल्याकडं जाऊ द्या, नदीकाठी जाळायला नकोत. आपल्या नदीनं आधीच पुष्कळ सोसलंय.

आता माझं काय झालं ते सांगून थांबतो. मी नवा घेतला नाही आणि थांबलोही नाही. कंपन्या-ऑफिसांतून निघालेला, नीट तपासलेला, आठव्या जनरेशनचा जुना डेस्कटॉप नांदेडहून आणला. अस्सल लायसन्सची विंडोज ११, आठ जीबी रॅम आतच, त्यामुळं महागाईची रॅम वेगळी घ्यावी लागली नाही. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात काउंटरला कडी बसली. घेणाऱ्यांनी बिल, वॉरंटी आणि प्रोसेसरचा नंबर स्वतः बघून घ्यावा, स्टिकरवर विश्वास ठेवू नये. सातवी पास गड्यावर लिनक्स टाकली आणि तो घरी पोराच्या अभ्यासाला नेला. तिथं तो पळतोय.

आणि त्या चार हजार फायली मी आधी पुसल्या, नवं मशीन त्यानंतर आणलं. हे काम करायला एक रुपया लागला नाही, फक्त एक रविवार गेला. आता काम झालं की गिऱ्हाइकाच्या समोर फाइल काढून टाकतो, स्क्रीन फिरवून दाखवतो. पहिल्यांदा लोक हसले. आता काही जण स्वतःच म्हणतात, "दादा, पुसलं का?"

गावात माझ्यासारखी दुकानं पुष्कळ आहेत. तुम्ही जिथं आधार देता, तिथं एवढंच विचारत जा. विचारणारे वाढले की दुकानदार सुधारतील, आणि दुकानदार वाढले की कदाचित वरचेही.

त्या आज्जी परवा पुन्हा आल्या होत्या. त्यांची फाइल पुसली आहे हे मी त्यांना सांगितलं. आधी खोटं बोललो होतो हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं होतं बाळा. डबा काय असा रिकामा ऱ्हातोय व्हय?"